कौल, आंतरदेशीय पत्र आणि गुलाबी पाठीचे पक्षी



आज माझ्या गावापासून सुरुवात करतो. चेन्नईच्या पश्चिमेला, लोकलने गेलं की अंबत्तूरच्या पुढे लागतं ते आवडी. मराठी माणसाला हा पत्ता सांगितला की तो हमखास विचारतो, “आवडीत आवडीनं राहता का?” आमच्या कारखान्यातली जुनी माणसं सांगतात की हे नाव म्हणजे लष्कराच्या चिलखती वाहनांच्या डेपोच्या इंग्रजी आद्याक्षरांची जुळणी आहे. हे खरं नाही. लष्कर येण्याआधीपासून गाव आहे आणि नावही आहे. पण गोष्ट इतकी बेमालूम बसते की खोटी ठरवली तरी ती टिकते. हे वाक्य जरा लक्षात ठेवा, पुढे ते माझ्यावरच उलटणार आहे.

इतिहासात आवडी दोन कारणांनी येते. जानेवारी १९५५ मध्ये इथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं आणि समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला. पुढे दहा वर्षांनी इथल्या अवजड वाहनांच्या कारखान्यातून ‘विजयन्त’ रणगाडा बाहेर पडला. त्या रणगाड्यांच्या मागोमाग अंबरनाथ, खडकी, भुसावळ, वरणगाव अशा आयुधनिर्माण्यांच्या गावांतून मराठी कुटुंबं इथे आली. आमचे बाबा १९६८ साली अंबरनाथहून आले. क्वार्टर मिळालं, तमिळचा एक शब्द येत नव्हता, आणि जवळच परुत्तिपट्टूचं मोठं तळं होतं. ‘परुत्ति’ म्हणजे कापूस. इथे कधीकाळी कापूस होत असावा, पण मला तरी तिथे पाणी, चिखल आणि पक्षी एवढंच आठवतं.

आमच्या घरातली एक ठाम आठवण अशी, की त्या तळ्यावर रोहित पक्षी उतरायचे. रोहित म्हणजे फ्लेमिंगो. आई सांगायची, बाबा दुजोरा द्यायचे, मी माझ्या मुलांना सांगितलं. काही वर्षांपूर्वी आमच्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत मी तळ्यावर एक लेख लिहिला. तळ्याची तेव्हा दुर्दशा होती, सांडपाणी येत होतं, आणि ते वाचवायला हवं असं सगळ्यांनाच वाटत होतं. लेखाची सुरुवात मी रोहितांच्या थव्यानं केली. लोकांना ती फार आवडली. एक तरुण पक्षीनिरीक्षक, कारखान्यातल्याच एका तमिळ सहकाऱ्याचा मुलगा, लेखाचा इंग्रजी सारांश वाचून माझ्याकडे आला आणि अगदी नम्रपणे म्हणाला, “अंकल, रोहित पुलिकतला येतात. खारं, उथळ पाणी लागतं त्यांना. इथे कशावरून?”

मी थोडा रागावलोच. माझी आई खोटं बोलत होती का?

मग वाईला मावशीच्या ट्रंकेत आईची जुनी पत्रं सापडली. डिसेंबर १९७१ चं एक निळं आंतरदेशीय पत्र, आजीला लिहिलेलं. युद्ध चालू होतं, कारखान्यात दोन पाळ्या, रात्री दिवे बंद. बहुतेक मजकूर त्याचाच. पण शेवटी, घडीच्या कडेला, बारीक अक्षरात: तळ्यात उंच पायांचे पांढरे पक्षी आलेत, पाठीकडून गुलाबी झाक आहे, चोच लांब आणि पिवळी. शेजारच्या अक्का त्यांना मंजळ-काहीतरी म्हणतात.

‘मंजळ’ म्हणजे हळद, पिवळा रंग. तमिळमध्ये ‘मंजळ मूक्कु नारै’ म्हणजे पिवळ्या नाकाचा करकोचा. आपण त्याला चित्रबलाक म्हणतो. रोहिताची चोच गुलाबी, टोकाला काळी आणि मध्येच वाकलेली असते. पिवळी लांब चोच आणि फक्त पाठीकडे गुलाबी रंग हा चित्रबलाकच. आईनं १९७१ मध्ये अचूक लिहिलं होतं. नंतरच्या वर्षांत, कुठल्या तरी दिवाळी अंकात रोहितांचं रंगीत चित्र पाहिल्यावर बहुधा, ‘गुलाबी’ एवढंच उरलं, आणि पक्षी बदलला.

तर आजचा विषय हा. जंगलं, तळी, माळरानं वाचवा असं ज्यांनी लिहिलं, त्यांच्या लिखाणाच्या मुळाशी बहुतेक वेळा घरातली आठवण असते. बाप, मामा, आजी, एखादं अंगण. ती आठवण कितपत भार सोसते?

आधी तुम्हाला आमच्या इथून सत्तर-ऐंशी किलोमीटर दक्षिणेला घेऊन जातो. चेंगलपट्टू जिल्ह्यात वेडंतांगल नावाचं गाव आहे. आपल्याकडे ते ‘वेदांतंगल’ असं लिहितात आणि काही जण त्याचा वेदांताशी संबंध लावतात. तमिळमध्ये ‘वेडन्’ म्हणजे पारधी. पारध्यांचं वस्तीचं ठिकाण, असा त्याचा अर्थ. आणि हे पारध्यांचं गाव आज ओळखलं जातं ते पक्ष्यांना राखल्याबद्दल.

गावाच्या तळ्यात पाण्यात उभी राहणारी झाडं आहेत. ईशान्य मोसमी पाऊस झाला की त्यांच्यावर बगळे, पाणकावळे, चमचे, उघड्या चोचीचे करकोचे, चित्रबलाक घरटी करतात. हजारो पक्ष्यांची विष्ठा पाण्यात पडते, तेच पाणी भातशेतीला जातं, आणि शेतकऱ्याला फुकट खत मिळतं. गावकऱ्यांना हे पिढ्यान् पिढ्या माहीत होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कंपनी सरकारच्या शिपायांनी तिथे पक्षी मारले. गावानं तक्रार केली ती चेंगलपट्टूच्या कलेक्टरकडे. त्याचं नाव लायोनेल प्लेस. कंपनीच्या कागदांत या मुलखाला ‘जहागीर’च म्हणत. प्लेसनं १७९८ मध्ये गावाला लेखी अभय दिलं: इथले पक्षी कोणी मारायचे नाहीत. त्या कागदाला इंग्रजी दप्तरात शब्द आहे ‘कौल’. आपलाच शब्द. मराठेशाहीच्या दप्तरात उजाड गाव पुन्हा वसवायला, पळालेल्या रयतेला परत बोलवायला जो कौल देत, तोच. इथे तो करकोच्यांसाठी दिला गेला.

पुढचा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो मूळ कागद हरवला. गावानं मात्र हक्क सोडला नाही. आपल्याला असा कौल मिळाला होता हे बाप मुलाला सांगत राहिला असणार, आणि १८५८ मध्ये गावानं सरकारकडून तो पुन्हा मिळवला. म्हणजे कंपनीचं राज्य संपून राणीचं राज्य सुरू होण्याच्या वर्षी, उठाव नुकताच थंडावलेला असताना, एक गाव कलेक्टरकचेरीत पक्ष्यांबद्दलचा जुना शब्द पाळा म्हणून उभं होतं. या गोष्टीत कागद आधी की आठवण आधी? आठवणीतून कागद झाला, कागद गेला, तेव्हा आठवणीनं तो परत आणला. १९३६ मध्ये अभयारण्य म्हणून मान्यता, १९९८ मध्ये तळ्याभोवतीचा पाच किलोमीटरचा परिसर संरक्षित, २०२२ मध्ये रामसर यादीत नाव, हे सगळं त्यानंतरचं. २०२० मध्ये तो पाच किलोमीटरचा घेर कमी करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा इथल्या वर्तमानपत्रांत आणि सभांत पुन्हा १७९८ चाच दाखला दिला गेला.

वेडंतांगलच्या लोकांची आठवण पोटाशी बांधलेली होती हे विसरू नका. पक्षी सुंदर दिसतात म्हणून त्यांनी ते राखले असं म्हणणं म्हणजे आपल्या शहरी हौसेचं ओझं त्यांच्या डोक्यावर ठेवणं. भात पिकत होतं म्हणून राखले. सुंदर दिसत नव्हते असं नाही, पण कलेक्टरला सांगायला भाताचं कारण पुरेसं होतं.

आता मद्रास शहरात येऊ आणि ज्याच्यासाठी हा भाग मी खरा योजला त्या माणसाला भेटू. एम. कृष्णन. जन्म १९१२. वडील अ. माधवैया, तमिळमधल्या अगदी सुरुवातीच्या कादंबरीकारांपैकी. ‘पद्मावती चरित्रम्’ त्यांचं, १८९८ चं. नोकरी मिठाच्या आणि अबकारी खात्यात. आपल्या हरिभाऊ आपट्यांच्या काळातला आणि त्यांच्यासारखाच, बायकांचे हाल, बालविवाह, विधवांचे प्रश्न यांवर लिहिणारा माणूस. मुदतीआधी निवृत्त होऊन त्यांनी मैलापुरात घर बांधलं, मासिक काढलं, आणि १९२५ मध्ये मद्रास विद्यापीठाच्या सिनेटमध्ये तमिळ सक्तीची करावी म्हणून भाषण करून बसले आणि तिथेच गेले. आठ भावंडांतला धाकटा कृष्णन तेव्हा तेरा वर्षांचा.

त्या घराभोवतीचं मैलापूर आज कोणाला सांगून खरं वाटणार नाही. खुरटं रान होतं, कोल्हे होते, काळविटं होती. अकराव्या वर्षी या मुलानं मुंगूस पाळलं होतं. आज तिथून सायकलनं जायचं म्हटलं तर सिग्नलच इतके लागतात की काळवीट सोडा, मुंगूसही रस्ता ओलांडणार नाही. (गिंडीत अजून आहेत काळविटं, शहराच्या पोटात, जेमतेम पावणेतीन चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानात. चेन्नईला येणाऱ्या पाहुण्यांना मी मरीनाआधी ती दाखवतो.)

कृष्णन प्रेसिडेन्सी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकले. फायसन नावाचे प्राध्यापक, त्यांच्याबरोबर निलगिरी-कोडाईकनाल फिरले, फायसनबाईंकडे जलरंग शिकले. परीक्षेतले गुण बेताचे. कायद्याची पदवी घेतली, चालली नाही. मग १९४२ मध्ये त्यांना नोकरी मिळाली, आणि इथे आपण मराठी माणसांनी कान टवकारावेत, संडूर संस्थानात.

संडूर म्हणजे बल्लारी जिल्ह्याच्या मधोमध, चारी बाजूंनी मद्रास इलाख्यानं वेढलेलं घोरपड्यांचं छोटं संस्थान. गुत्तीच्या मुरारराव घोरपड्यांच्या नात्यातलं घराणं. रयत कन्नड, दरबार मराठी, आणि तिथे हा मैलापूरचा तमिळ माणूस शाळामास्तर, न्यायाधीश, प्रसिद्धी अधिकारी, महाराजांचा राजकीय चिटणीस अशी जे पडेल ते काम करत सात वर्षं राहिला. शेळ्या पाळल्या, घरी परतणाऱ्या कबुतरांची पैदास केली, डोंगर पायी तुडवले. १९४९ मध्ये संस्थान विलीन झालं आणि कृष्णन मद्रासला परतले. नंतर कधीच कोणाची नोकरी केली नाही. १९५० पासून कोलकात्याच्या ‘द स्टेट्समन’मध्ये ‘कंट्री नोटबुक’ हे सदर सुरू केलं ते १८ फेब्रुवारी १९९६ पर्यंत. त्या दिवशी सदर छापून आलं आणि त्याच दिवशी ते गेले. शेहेचाळीस वर्षं एक सदर. आपल्याकडे सदरलेखक दोन वर्षांत दमतात.

कृष्णनच्या लेखांत बालपणाचं गोंजारणं जवळजवळ नाही, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. बापाच्या घराभोवतालचं रान गेलं, याचा टाहो ते फोडत नाहीत. त्यांनी त्या आठवणीचा उपयोग मोजपट्टीसारखा केला. इथे काय होतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला काय गेलं हे दिसतं. म्हणून रस्त्याकडेला गुलमोहरासारखी परदेशी झाडं लावून ‘वनीकरण’ म्हणणाऱ्यांवर ते चिडत. देश म्हणजे त्याची स्वतःची झाडं, प्राणी आणि भूमी, असा त्यांचा हट्ट होता. १९६८ मध्ये नेहरू फेलोशिप मिळाल्यावर दक्षिण भारतातल्या सस्तन प्राण्यांची त्यांनी पाहणी केली, पुढे मुंबईच्या निसर्ग इतिहास संस्थेनं ती छापली. आठवण होती, पण ते तिच्यावर थांबले नाहीत. पायी गेले, पाहिलं, मोजलं. माझ्या रोहितांच्या लेखात राहून गेलं ते हेच.

संडूरची गोष्ट अर्धी ठेवणं बरं नाही. शेवटच्या राजांचे चिरंजीव एम. वाय. घोरपडे पुढे कर्नाटकाचे अर्थमंत्री झाले आणि वन्यजीवांचे नामांकित छायाचित्रकारही. १९८३ मध्ये त्यांच्या छायाचित्रांचं आणि टिपणांचं ‘सनलाइट अँड शॅडोज’ आलं. त्याच घराण्यानं १९५४ मध्ये संडूरच्या डोंगरांत मँगनीज आणि लोहखनिजाची कंपनीही काढली होती. नंतरच्या काळात इतरही अनेक खाणी आल्या आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला बल्लारीतल्या खाणकामावर बंदी आणावी लागली. एकाच घराच्या आठवणीत कॅमेराही असतो आणि खनिजाचं खातंही. हे लिहिताना कोणाला दोष देण्याचा हेतू नाही; माझ्या बापाचा पगार रणगाड्यांतून आला, आणि कारखाना उभा राहिला ती जमीन काही मोकळी पडलेली नव्हती, आधी तिथे माळ होता. बाबा सांगायचे की सुरुवातीला रात्रपाळीहून येताना कोल्हे ऐकू यायचे.

घरातल्या आठवणीत बंदूक असते, हाही भाग बहुतेक लेखक टाळतात. सलीम अलींनी टाळला नाही. आईवडील लहानपणीच गेलेले, मुंबईत खेतवाडीत मामा अमिरुद्दीन तय्यबजींच्या घरी वाढले. शिकारी मामा, छर्ऱ्याची बंदूक, आणि १९०८ च्या सुमारास मारलेली ती पिवळ्या गळ्याची चिमणी. ती घेऊन ते संस्थेच्या मिलार्डसाहेबांकडे गेले हे सगळ्यांना माहीत असतं. त्याआधीची एक नोंद कमी लोकांना माहीत आहे. लहान सलीमनं घरट्यावर बसणारा चिमणा मारला, मादीनं दुसरा नर आणला, तोही मारला, आणि असे आठवड्याभरात आठ नर मारून त्यानं ते टिपून ठेवलं. पुढे ती नोंद म्हातारपणी त्यांनी जशीच्या तशी छापू दिली. आपल्या लहानपणाला एवढं स्वच्छ उघडं ठेवणं सोपं नाही.

माधव गाडगीळांच्या घरात बंदूक नव्हती, दुर्बीण होती. वडील अर्थतज्ज्ञ धनंजयराव, शेजारी इरावती कर्वे. शेपटीतली तारेसारखी पिसं नसलेला वेडा राघू दिसला तेव्हा मुलानं वडिलांना विचारलं. वडील म्हणाले, सलीम अलींना पत्र लिही. उत्तर आलं: पिसं गळून नवी येतात. पुण्यातल्या एका मुलाच्या हातात शहाण्या माणसाचं पत्र पडलं आणि पुढे आयुष्यभर त्याला जाणवत राहिलं की ज्याला माहीत आहे त्याला विचारावं. म्हणूनच १९७० च्या दशकात वा. द. वर्तक यांच्याबरोबर देवरायांचा अभ्यास करताना ते गावकऱ्यांना विचारत गेले. श्रीवर्धनकडच्या गाणी गावानं त्यांना आपली राई तोडीपासून वाचवायला मदत मागितली, आणि कारण दिलं पाण्याचं: गावाचा ओढा त्या राईतून येतो. वेडंतांगलला भात, गाणीला ओढा. सह्याद्रीतलं एक गाव आणि कोरोमंडल किनाऱ्यावरचं एक गाव, मध्ये पावणेदोनशे वर्षांचं अंतर, आणि अर्ज एकच.

चितमपल्लींवर मी या मालिकेत पूर्वी बोललोय, म्हणून आज थोडक्यात. सोलापूरचे, १९३२ चा जन्म, आई आणि मामा यांच्याबरोबर रानाची ओळख झाली, वनखात्याचं शिक्षण आमच्या तमिळनाडूत कोइमतूरला. ‘चकवाचांदण’ वाचलं असेल त्यांना माहीत आहे, की त्यांच्याकडे आठवण शब्दांच्या रूपानं साठते. पक्ष्याचं गोंडी नाव, माडिया नाव, कोळ्यांनी सांगितलेलं नाव. १८ जून २०२५ ला ते गेले, सोलापुरातच. शब्द ‘पक्षीकोशा’त राहिले.

आणि ज्यांची आठवण छापलीच गेली नाही त्यांचं काय? आमच्या चेंगलपट्टूकडचे इरुळ. साप आणि उंदीर पकडण्यात पिढीजात तरबेज. १९७२ चा वन्यजीव कायदा आला, सापाच्या कातड्याचा धंदा बंद पडला, आणि एका रात्रीत त्यांचं घराण्याचं ज्ञान गुन्हा ठरलं. १९७८ मध्ये रोम्युलस व्हिटेकर यांच्या पुढाकारानं त्यांची सहकारी संस्था उभी राहिली: साप पकडायचा, विष काढायचं, परत सोडायचा. आज देशात सर्पदंशावर दिल्या जाणाऱ्या लशीसाठी लागणाऱ्या विषाचा मोठा वाटा तिथून येतो. त्यांच्यातले मासी सडैयन आणि वडिवेल गोपाल २०१७ मध्ये अजगर शोधायला थेट अमेरिकेत फ्लोरिडाला गेले, आणि २०२३ मध्ये दोघांना पद्मश्री मिळाली. गवतावरची एवढीशी खूण पाहून साप कुठे गेला हे सांगणारी विद्या ही बापाची आठवणच आहे. लेख झाला नाही तिचा, इतकंच.

१९९५ मध्ये डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं एक छोटा लेख लिहिला. प्रत्येक पिढी आपल्या लहानपणी पाहिलेला समुद्र हाच ‘मूळ’ समुद्र समजते आणि तिथून घट मोजते, म्हणून खरी घट दिसतच नाही, असं त्याचं म्हणणं. पुरावा म्हणून त्यानं एका सहकाऱ्याच्या आजोबांची आठवण दिली. १९२० च्या दशकात डेन्मार्क-स्वीडनमधल्या समुद्रात त्यांच्या जाळ्यात नको असलेले मोठे ट्यूना मासे अडकायचे आणि आजोबा वैतागायचे. आता तिथे ट्यूना होता हेच कोणाला ठाऊक नाही. आजोबांचा वैताग विश्वासार्ह का? कारण तो गौरवासाठी सांगितलेला नाही. आईचं पत्रही तसंच. युद्धाच्या धामधुमीत, जागा उरली म्हणून लिहिलेल्या दोन ओळी. मी मुलांना रंगवून सांगितलेल्या गोष्टीपेक्षा त्या कितीतरी भरवशाच्या.

परुत्तिपट्टूचं तळं आता बरं आहे. गाळ काढला, कडेनं चालायचा रस्ता झाला, २०१९ मध्ये उद्यान सुरू झालं, होड्याही आहेत. त्या मुलाला मी पत्राची झेरॉक्स दिली. मराठी त्याला वाचता येत नाही, म्हणून ओळींच्या खाली तमिळमध्ये लिहून दिलं. ‘मंजळ’ शब्दाजवळ आल्यावर तो थांबला, पुन्हा वाचला आणि म्हणाला, “ही अक्का कोण होती?” मला नाव माहीत नव्हतं. तिसऱ्या क्वार्टरमधल्या होत्या, आईला रसम शिकवलं त्यांनी, एवढंच घरात सांगितलं गेलं. पक्ष्याचं नाव त्यांनी दिलं आणि त्यांचं नाव आमच्याकडे राहिलं नाही. त्यांच्या घरचं कोणी अजून आवडीत आहे का, हे तो आता शोधतोय.

स्मरणिकेच्या पुढच्या अंकात मी दुरुस्ती छापली. संपादकांना ती नको होती. रोहित बरे दिसत होते, म्हणाले.

पुढच्या भागात मदुरांतकमच्या तळ्याकडे जाऊ. तिथेही हाच लायोनेल प्लेस आहे, आणि वादळी रात्री फुटायला आलेला बांध राखायला उभे राहिलेले रामलक्ष्मण त्यानं पाहिले अशी गोष्ट आहे. तिथल्या रामाला ‘एरी कात्त रामर’ म्हणतात, तळं राखणारा राम. तोवर तुमच्या घरातली जुनी पत्रं जरा कडेपर्यंत वाचून बघा.